तासाला वीस मिनिटे

लातूरच्या ट्युशन एरियात वेळ मिनिटांवर मोजतात. नीटचा पेपर १८० प्रश्नांचा आणि १८० मिनिटांचा. प्रश्नाला एक मिनिट, त्यातच वाचायचे, ठरवायचे आणि गोल काळा करायचा. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला ‘लातूर पॅटर्न’ याच हिशेबावर उभा राहिला. सराव परीक्षा, चुकांची उजळणी, पुन्हा सराव परीक्षा. नांदेडनेही तोच कित्ता गिरवला. अशा गावात लिहिण्या-वाचण्याची अडचण असलेल्या एखाद्या मुलाला तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात म्हटले की शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या पोराने रात्रीचा दिवस केला, मग त्याला का नाही?

प्रश्न रास्त आहे. तो न्यायाचा आहे, आणि थोडे खोदले की धर्माचाही निघतो.

आधी अडचण काय असते ते पाहू. तिसरीतली एक हुशार मुलगी डोळ्यांसमोर आणावी. गोष्ट ऐकवली की ती तपशिलासकट परत सांगते. तोंडी हिशेब चटकन करते, बाजारातून नेमके सुटे पैसे घेऊन येते. पुस्तक उघडले की मात्र ‘घर’चे ‘धर’ होते, ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘प्रकाश’ लिहिताना ‘परकाश’ उतरतो. ‘शि’मध्ये वेलांटी कागदावर आधी येते आणि कानाला मागून ऐकू येते, तिथे ती हटकून अडखळते. रफार कुठल्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा हे दर वेळी नव्याने शोधावे लागते. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या मुलीला ते पटणार नाही. डिस्लेक्सियात डोळ्यांचा दोष नसतो आणि बुद्धीचाही नसतो. ध्वनी आणि खूण यांची सांगड घालणारे मेंदूतले काम अवघड जाते. वर्गात मात्र तिला एकच नाव मिळते : ढ. घरी दुसरे मिळते : आळशी.

तिसरे उत्तर जुने आहे. ‘असतं एकेकाचं प्रारब्ध.’ कोणत्या पापाने कोणते व्यंग येते याचे कोष्टक मांडणारे कर्मविपाकाचे ग्रंथ आपल्याकडे झाले, आणि त्यांची सावली आजही नवसाच्या नारळावर पडते. मुलगा वाचत नाही म्हणून माळेगावच्या खंडोबाला साकडे घालणारी आई काही चुकीचे करत नाही. तिला दुसरे दार माहीत नसते. पण कर्मसिद्धांत नीट मानायचाच तर तो संचित आणि प्रारब्धापाशी थांबत नाही, क्रियमाणही सांगतो. समोरच्या मुलाच्या वाट्याला काय आले हे त्याचे प्रारब्ध असेल. ते पाहून आपण काय करतो हे आपले क्रियमाण झाले. प्रारब्ध म्हणून हात झटकणारा माणूस सिद्धांताचा अर्धाच भाग वापरतो, आणि तोही स्वतःच्या सोयीचा.

भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताची कथा आहे. वडील त्याला गायत्री शिकवतात. वसंत आणि ग्रीष्म मिळून चार महिने जातात, पोराच्या तोंडी ती बसत नाही. घरचे त्याला जड ठरवतात, राबायला लावतात. पुढे राजा रहूगणाच्या पालखीला भोई कमी पडतो म्हणून याला धरून जुंपतात. पालखी हिंदकळते, राजा टोमणा मारतो, आणि त्या भोयाच्या तोंडून जे उत्तर येते ते ऐकून राजा खाली उतरून त्याचे पाय धरतो. डिस्लेक्सियाच्या बाजूने ही गोष्ट सांगायचा मोह होतो, पण ती पुरती लागू पडत नाही. जडभरत मुद्दाम जड झाला होता. तिसरीतली मुलगी मुद्दाम काही करत नाही, आणि शिक्षकाला नेमके हेच पटत नाही.

परंपरेतला खरा कामाचा पुरावा दुसरीकडे आहे. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत लिहिलेले पाहून म्हणणारा हाही एक आहे! श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमात वाचन कुठेच नाही. मराठवाड्याची भक्ती तर कानावरच वाढली. नरसीच्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात गेली. त्याच ग्रंथाला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला गुरूपद दिले. ज्या गावी ग्रंथच गुरू आहे, तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातही बहुतेक संगत गुरूची वाणी ग्रंथी आणि रागी यांच्या तोंडून ऐकते, आणि ऐकणाऱ्याची श्रद्धा कोणी कमी धरत नाही. सातशे वर्षांपूर्वी ही मुलगी जन्मली असती तर टाळ धरून उभी राहिली असती, शेकडो अभंग तिला पाठ असते, आणि तिच्यात काही उणे आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

१८९६ साली इंग्लंडातील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. डिस्लेक्सियाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. पर्सीच्या मास्तरांचे मत त्यात आले आहे : सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

म्हणजे उणेपण मुलात किती आणि आपण निवडलेल्या मोजपट्टीत किती, हा खरा वाद आहे.

पण इथे एक पाय मागे घ्यायला हवा. कानाची ती संस्कृती सगळ्यांसाठी नव्हती. वेद ऐकण्याचीही बंदी कोणाला होती हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. अक्षर हाती आले तेव्हा ती कोंडी फुटली. म्हणून फुल्यांनी १८४८मध्ये शाळा काढली आणि आंबेडकरांनी १९५०मध्ये औरंगाबादला महाविद्यालय. गाडगेबाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण ताट मोडा आणि पोराला शिकवा, हे ते कीर्तनातून सांगत राहिले. निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमाखाली शिकलेल्या, १७ सप्टेंबर १९४८नंतरच मोकळा श्वास घेतलेल्या मराठवाड्याला वाचता येण्याची किंमत चांगली ठाऊक आहे. तेव्हा ‘त्याला वाचनाचा जाच नको’ ही दया घातक आहे. महाराष्ट्राने १९९६पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या : जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखादी भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. देशात हे पाऊल पहिले, आणि मोलाचे. पण शेवटच्या सवलतीत दहावी सुटते आणि विज्ञानाची वाट बंद होते. सवलत देऊन शिकवणे टाळले तर तो सुटकेचा मार्ग मुलाचा नसतो, शाळेचा असतो.

शिकवता येते, हे महत्त्वाचे. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीत मूल अक्षर पाहते, त्याचा आवाज मोठ्याने काढते आणि त्याच वेळी वाळूत बोटाने ते गिरवते. एक ध्वनी, एक खूण, पक्के झाल्यावरच पुढचे. अमेरिकेत विसाव्या शतकात बसवलेली ही पद्धत मराठी माणसाला परकी वाटू नये. पंतोजींच्या शाळेतली पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवत आणि तोंडाने घोकत. फरक असा की पंतोजींच्या हातात छडीही असे.

हे काम करणारा विशेष शिक्षक मात्र दुर्मीळ. समग्र शिक्षा योजनेत गटसाधन केंद्राकडून फिरणाऱ्या विशेष शिक्षकावर अनेक शाळांचा भार असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या रजनीशकुमार पांडे प्रकरणातील आदेशानंतर केंद्राने प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. किनवट-माहूरच्या तांड्यावर बसून ते वाचले की ते किती लांब आहे हे कळते. तिथे निदानच अवघड. घरी गोरमाटी किंवा कोलामी, देगलूरला तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड. त्यात आईबाप ऊसतोडीला गेले की निम्मे वर्ष शाळेविना. हे मूल डिस्लेक्सियाने अडले की शाळाच मिळाली नाही म्हणून? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ‘डाली’ चाचणीत मराठी आणि कन्नड आहेत, गोरमाटी नाही. २०१८च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे आठव्या वर्षी तपासलेल्या मुलाला चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचे ठरले. सोलापूर-पुण्याकडे ऊसतोडीच्या कोपीवर राहणाऱ्या मुलाला त्या तारखा कोण आठवून देणार?

शेजारच्या वडिलांची शंका अजून बाकी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिल्यावर तिचे उत्तर न्यायालयात आले. ‘अवनी प्रकाश विरुद्ध नॅशनल टेस्टिंग एजन्सी’ हे महाराष्ट्रातलेच प्रकरण. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण, असलेल्या विद्यार्थिनीला २०२१च्या नीटला हक्काचा एक तास जादा मिळाला नाही, तिच्याकडून उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, एजन्सीला भरपाईचा विचार करायला सांगितले; पुन्हा परीक्षा मात्र दिली नाही. परीक्षा जे मोजते ते जीवशास्त्राचे ज्ञान असेल, तर लिहिण्यात वाया जाणारा वेळ हा त्या मोजमापातला दोष आहे, आणि जादा तास तो दोष काढतो. परीक्षा हाताचा वेगच मोजत असेल, तर वडिलांचे म्हणणे खरे. पण मग ते लातूरने उघड बोलावे.

लेखनिकाबद्दलही हेच कुजबुजतात : दुसऱ्याने लिहिलेला पेपर त्याचा कसा? परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी. व्यासांना तर साक्षात गणपती लेखनिक मिळाला. ती ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांची, असे वारकऱ्यांत कोणी म्हटलेले नाही.

आता दहावीची अडचण अशी की लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे. मार्चमध्ये तिथल्या नववीच्या मुलाची स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर असते, क्लासची फी भरलेली असते. दुसऱ्याच्या पेपरसाठी सकाळी तीन-चार तास केंद्रावर बसायला त्याला पाठवायचे की नाही, हे त्याच्या घरचे ठरवतात.