जमीन कोणाची, माणूस कुठला

अनोळखी माणसाला आपण विचारतो, ‘तुम्ही कुठले?’ तो गावाचं नाव सांगतो. त्या गावात त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसली तरी त्याचं उत्तर आपण खोटं मानत नाही. सातबारा वेगळा आणि गाव वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा कायदा मात्र या साध्या फरकापाशी दोन शतकं अडखळत राहिला.

१७८८ साली इंग्रजांची वसाहत तिथे उभी राहिली, तेव्हा त्या खंडावर ॲबोरिजिनल लोक हजारो पिढ्या राहत आले होते. पण शेताला बांध नाहीत, कागद नाही, म्हणून मालकही नाही, असं नव्या सत्तेनं धरून चाललं. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या वसाहतकऱ्यानं कुलिन या ॲबोरिजिनल लोकांशी जमिनीचा करार केला, तोही गव्हर्नरनं रद्द ठरवला. जमीन जर इंग्लंडच्या राजाची, तर तिथले लोक ती देणार कशी?

या गृहीताला १९६३ मध्ये एक अनोखं उत्तर मिळालं. उत्तरेकडच्या गोव्ह द्वीपकल्पातली जमीन सरकारनं तिथल्या योलंगू लोकांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. यिरकालाच्या योलंगूंनी संसदेकडे अर्ज पाठवला. त्यांच्या भाषेतला आणि इंग्रजीतला मजकूर झाडाच्या सालीवर चिकटवलेला होता, आणि भोवती कुळांची चित्रं रंगवलेली होती. ती चित्रं शोभेची नव्हती. कुठली भूमी कुठल्या कुळाची, हे सांगणारे ते त्यांचे दस्तऐवज होते. खाण थांबली नाही. लोक न्यायालयात गेले.

१९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दावा फेटाळला. या लोकांकडे स्वतःची कायदेव्यवस्था आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण पुराव्यावरून जमीन कुळाची आहे असं म्हणण्यापेक्षा कूळ जमिनीचं आहे असं म्हणणं सोपं जातं, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून हे नातं मालमत्तेत बसेना. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. न्यायाधीशाला नातं अचूक दिसलं आणि नेमक्या त्याच कारणानं लोक हरले.

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत जमीनहक्काचा कायदा झाला. गृहीत मुळापासून हललं ते मात्र १९९२ मध्ये. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे एडी माबो आणि त्यांचे सहकारी दहा वर्षं लढले. वसाहतीपूर्वीचे हक्क टिकून राहू शकतात, असं हाय कोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, मानलं. निकालाच्या काही महिने आधीच माबो वारले होते.

पण या मान्यतेला एक अट चिकटली. परंपरेचा धागा अखंड असल्याचं सिद्ध करा. मरे नदीकाठच्या योर्ता योर्ता लोकांना ते जमलं नाही. १८४० च्या दशकात तिथे राहिलेल्या एका गोऱ्या जमीनदाराच्या आठवणींना न्यायालयात मोठं वजन मिळालं. योर्ता योर्तांच्या पूर्वजांनी १८८१ मध्ये जमीन मागणारा अर्ज केला होता. तोच त्यांची जुनी जीवनपद्धती संपल्याचा पुरावा ठरला. २००२ मध्ये हाय कोर्टानंही त्यांचं अपील फेटाळलं. ज्यांना आधी हुसकावलं, त्यांनाच नंतर ‘तुम्ही बदललात’ म्हणणं हा अन्याय आहे. आपल्यापैकी कोण पणजोबांसारखं जगतो? म्हणून काही आपलं मराठीपण कुणी काढून घेत नाही. बदलत जाणं हाच जिवंत संस्कृतीचा धर्म आहे.

सर्वांना एकच कायदा असावा, वेगळे हक्क समाज दुभंगतात, असं म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत. मूळ रहिवाशांची एक सल्लागार संस्था राज्यघटनेत आणण्याचा प्रस्ताव २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला. समतेची ही काळजी प्रामाणिक असू शकते. पण ज्या कायद्यानं एकाच बाजूची मालकी दीडशे वर्षांहून अधिक काळ ओळखलीच नाही, तो सर्वांना समान होता असं म्हणता येत नाही. समता त्या चुकीच्या दुरुस्तीपासून सुरू होते.

ती दुरुस्ती सावकाश होते आहे. २०१९ मध्ये टिंबर क्रीकच्या खटल्यात भूमीशी असलेलं नातं दुखावल्याबद्दल, जमिनीच्या बाजारभावापलीकडे, १३ लाख डॉलरची भरपाई मिळाली. त्याच वर्षी गोव्हच्या जमिनीसाठी नवा दावा दाखल झाला. दावेदार होते गलारवुई युनुपिंगू. ब्लॅकबर्न यांच्या न्यायालयात ते तरुणपणी दुभाषी होते. मार्च २०२५ मध्ये हाय कोर्टानं म्हटलं की असा हक्क हिरावणं म्हणजे मालमत्ता घेणंच आहे, आणि त्यासाठी न्याय्य मोबदला द्यावा लागतो. १९७१ मध्ये जे मालमत्तेत बसत नव्हतं, ते अखेर बसलं. युनुपिंगू २०२३ मध्येच गेले होते.