पालकाची सही

बिनगिअरची दुचाकी शिकण्याचा परवाना १६ व्या वर्षी मिळतो. मात्र पालकाची लेखी संमती लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने एवढी एक सही आपल्या हाती ठेवली आहे. नातवाचे आईबाप मुंबईला, म्हणून तो कागद पावसला माझ्यापुढे आला.

गंमत अशी की, या परवान्यावर इंजिन ५० सीसीपर्यंतचेच चालते, आणि आमच्या अंगणातली स्कूटर ११० ची! हे त्यालाही ठाऊक, मलाही. मग मी संमती देतो ती नेमकी कशाला?

शेजारी म्हणतात, “भाट्याच्या पुलापलीकडे न्यायचीच नाही, तर विचारणार कोण?” कोणी विचारणारा असता तर एवढा विचार मी केलाच नसता. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. पण त्या भीतीने नकार दिला, तर जपली ती माझी कातडी; पोराची काळजी त्यात कुठे आली?

मी सांगितले, “सही देतो, किल्ली देत नाही.”

“मग आजोबा, नुसती सही घेऊन मी करू काय?”

प्रश्न रास्त आहे. त्याला १८ पुरी होईपर्यंत माझ्याजवळ उत्तर नाही.