हिब्रू हवीच, पण कोणती?

1984 साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन ओरिएंटल सोसायटी’मध्ये एक परीक्षण छापून आले. लिहिणारे सॉल लीबरमन आदल्याच वर्षी वारले होते. जेरुसलेम तालमूद या ज्यू धर्मग्रंथावर त्यांच्या तोडीचा अधिकार असलेला माणूस विसाव्या शतकात शोधूनही सापडणार नाही. परीक्षण होते त्याच तालमूदच्या इंग्रजी भाषांतराचे. भाषांतरकार जेकब न्यूसनर. लीबरमन यांनी न्यूसनर यांच्या विवेचक लेखांची मनापासून तारीफ केली आणि भाषांतराची जागा मात्र केराची टोपली आहे, असे स्पष्ट लिहिले. रब्बींची हिब्रू कच्ची, अरमाइकचे व्याकरण कच्चे आणि मुख्य म्हणजे विषयच नीट कळलेला नाही, असा तिहेरी आरोप होता.

न्यूसनर ही काही किरकोळ असामी नव्हती. नऊशेहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. ज्यू धर्माचा अभ्यास रब्बींच्या पाठशाळेतून बाहेर काढून इतर कोणत्याही धर्माइतक्याच मोकळेपणाने विद्यापीठात व्हावा, ज्यू नसलेल्या मुलालाही तिथे बसता यावे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी भाषांतरे लागणारच. अमेरिकेत आज ज्यू अध्ययनाचे अभ्यासक्रम जागोजागी आहेत, ते बऱ्याच अंशी या भूमिकेवर उभे आहेत. पण ज्यू अध्ययनात हिब्रूला किती जागा द्यायची, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत निघाला की केराची ती टोपली आठवावीच लागते.

वाद विद्यापीठांनी सुरू केलेला नाही. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात, सोटा नावाच्या प्रकरणात, कोणते पाठ कोणत्याही भाषेत म्हटले तरी चालतात आणि कोणते पवित्र भाषेतच म्हणायचे, याची चक्क यादी आहे. शेमा हा श्रद्धेचा पाठ, मुख्य प्रार्थना आणि जेवणानंतरचे आभार कोणत्याही भाषेत चालतात. पुरोहितांचा आशीर्वाद मात्र हिब्रूतच. तोरा, म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ, ग्रीकमध्ये गेली त्याबद्दलही एकमत नाही. तालमूदच्या मेगिला प्रकरणात ती ईश्वरी प्रेरणेने घडलेली गोष्ट ठरते. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या वडीलधाऱ्यांनी तंतोतंत एकच भाषांतर केले, अशी कथा तिथे येते. नंतरच्या सोफेरीम ग्रंथात भाषांतराचा तोच दिवस सोन्याचे वासरू घडवले त्या दिवसाइतका वाईट ठरतो.

1845 मध्ये फ्रँकफर्टला सुधारक रब्बींची परिषद भरली आणि यादीतला प्रश्न पुन्हा चव्हाट्यावर आला. प्रार्थनेत हिब्रू मुळातच अटळ आहे का? बहुमताने कौल पडला, नाही. रब्बी झकारियास फ्रांकेल परिषद सोडून निघून गेले. पुढे 1854 मध्ये ब्रेस्लाउला रब्बींचे नवे विद्यालय निघाले, त्याचे ते प्रमुख झाले. भाषा सोडली तर धर्म राहील, पण तो कोणता, हे त्यांचे दुखणे होते.

विद्यापीठाला हे दुखणे असण्याचे कारण नाही. विद्यापीठ प्रार्थना करत नाही. विद्यार्थ्याच्या मनाला हिब्रू भिडते की नाही, हे तिथे कोणी विचारू नये. विचारायचे ते एवढेच, की पुस्तकात केलेला दावा त्याला मुळाशी ताडून पाहता येतो का. लीबरमन यांना न्यूसनरच्या चुका दिसल्या, कारण ते मूळ पान वाचू शकत होते. ज्याला ते वाचता येत नाही त्याला दोघांपैकी एकावर विश्वास टाकावा लागतो, आणि अभ्यासाच्या जागी श्रद्धा येऊन बसते. धर्माचा चिकित्सक अभ्यास म्हणवणाऱ्या विभागात तर हे फारच विचित्र दिसते.

पण ‘हिब्रू वाढवा’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते ती आजच्या इस्राएलमधली बोली: बसचे तिकीट, भाजीबाजार, वर्तमानपत्र. ती शिकलेल्या मुलीसमोर बाबिलोनी तालमूदचे पान ठेवून बघावे. पानाची मांडणी डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने 1520 ते 1523 दरम्यान व्हेनिसमध्ये काढलेल्या आवृत्तीपासून जवळजवळ तशीच आहे. मधोमध मिश्ना, ती हिब्रूत. तिच्याखाली गेमारा, म्हणजे मिश्नेवरची चर्चा, ती बरीचशी अरमाइकमध्ये. बांधणीच्या बाजूला राशी या ज्यू पंडितांचे भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशींच्या नातवंडांनी आणि त्यांच्या परंपरेतल्या पंडितांनी काढलेल्या शंका. स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे जवळपास नाहीत, संक्षेप मात्र ओळीओळीला. भाष्यांची लिपीही वेगळी. तिला राशी लिपी म्हणतात, पण अकराव्या शतकातल्या राशींनी ती कधी वापरली नाही. ती स्पेनकडच्या ज्यूंच्या हस्ताक्षरावरून मुद्रकांनी उचलली. अशी मुलगी राशींच्या पहिल्याच ओळीत अडखळते. आजच्या मराठी मुलाला ज्ञानेश्वरी टिपांशिवाय जेवढी लागते, तेवढीच गेमारा तिला लागणार, कदाचित त्याहूनही कमी.

म्हणूनच अदिन स्टाइनसाल्झ यांनी 1965 पासून 2010 पर्यंत खपून अख्खे बाबिलोनी तालमूद आधुनिक हिब्रूत आणले. हिब्रू बोलणाऱ्या देशातच हिब्रू भाषांतराची गरज पडली.

मायमॉनिडीजची गोष्ट आणखी पुढची. ज्यू तत्त्वज्ञानातला सर्वांत गाजलेला ग्रंथ, ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’, त्याने 1190 च्या आसपास लिहिला तो हिब्रू अक्षरांतल्या अरबीत. त्याच लेखकाने धर्मनियमांचा ‘मिश्ने तोरा’ मात्र सुबक हिब्रूत लिहिला होता, तेव्हा हिब्रू येत नव्हती म्हणून अरबी, असे म्हणायची सोय नाही. त्याचा तत्त्वज्ञानाचा संवाद अल-फाराबीच्या परंपरेशी होता, आणि त्या संवादाची भाषा अरबी होती. 1204 मध्ये सॅम्युएल इब्न तिब्बोनने मार्गदर्शकाचे हिब्रू भाषांतर पुरे केले आणि युरोपातले ज्यू शतकानुशतके तेच वाचत आले. मूळ ग्रंथ ज्यूंचा, हिब्रू प्रत भाषांतराची. हिब्रू म्हणजेच ज्यू विचार असे समीकरण मांडणाऱ्याची इथे पंचाईत होते.

नुसती हिब्रू शिकवून काय होते, त्याचा जुना नमुना हार्वर्डमध्ये आहे. तिथे जुडा मोनिस यांनी 1722 पासून पुढची जवळपास चार दशके हिब्रू शिकवली. ती जागा घेण्यापूर्वी त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले. त्यांचे 1735 चे व्याकरण हे उत्तर अमेरिकेत छापलेले पहिले हिब्रू व्याकरण. सक्तीचा विषय, कंटाळलेली मुले. बायबलचा जुना करार मुळातून वाचायचा एवढाच हेतू. रब्बी, भाष्ये, जिवंत ज्यू समाज यांच्याशी देणेघेणे नाही.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात हेच वेगळ्या वळणाने झाले. कोकणातून आलेले बेने इस्राएल ज्यू मराठी बोलत, शब्बाथ पाळत, शेमा म्हणत. हिब्रू मात्र फारशी उरली नव्हती. 1832 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी खास त्यांच्यासाठी मराठीत हिब्रू व्याकरण काढले. हेतू धर्मांतराचा होता, हे उघडच आहे. समाजाने व्याकरण घेतले, धर्मांतर बहुतेकांनी नाकारले. डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ एझेकिएल राजपूरकर स्वतः हिब्रू शिकले, प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही झाले. राजपूरकरांना हिब्रू हवी होती ती भाषांतर टाळण्यासाठी नव्हे, भाषांतर करण्यासाठी.

ज्यू अध्ययनाच्या विभागाने तासिका वाढवायच्याच असतील तर त्या अशा वाढवाव्यात: पहिल्या वर्षी बायबलची आणि मिश्नेची हिब्रू, संवादाचा सराव जोडीला; दुसऱ्या वर्षी राशी लिपी आणि थोडी अरमाइक; पुढे ज्याच्या त्याच्या विषयाप्रमाणे यिडिश, लादिनो, अरबी किंवा मराठी. कैरोच्या गेनिझातले, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठारातले, लाखभराहून जास्त तुकडे केंब्रिजच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे आहेत. अक्षरे हिब्रू, भाषा अरबी. नुसती हिब्रू आलेल्या विद्यार्थ्याला ती मोठ्याने वाचता येतील. मालाचे पैसे कोणी थकवले, हे कळण्यासाठी त्याला पुढच्या सत्राची अरबी घ्यावी लागेल.