कोंबडीचं पाप कुणाच्या माथी?

माण तालुक्यातल्या माळावर मेंढरांचा वाडा बसलेला आहे. दुपारची वेळ. मेंढरं चरायला गेलेली. मागे राहिलेला म्हातारा कुत्रा बाभळीच्या सावलीत अंग टाकून पडला आहे. एक कोंबडी पिलं घेऊन त्याच्या जर्मनच्या ताटलीपाशी येते, राहिलेल्या कण्या टिपते. एक पिलू थेट त्याच्या पुढच्या पायावरून चालत जातं. कुत्रा डोळा उघडतो. तेवढ्यावरच कोंबडी पंख फुलवून त्याच्या तोंडावर धावते. कुत्रा उठतो, चार पावलं पलीकडे जातो आणि पुन्हा आडवा होतो.

तिथून आग्नेयेला, जतकडच्या एखाद्या वस्तीवर दुसरं चित्र दिसतं. लांब पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा कारवानी कुत्रा दारात बांधलेला असतो. सकाळभर कोंबड्या त्याच्यासमोरच उकिरडा उकरतात आणि तो शांत असतो. मग कुठून तरी घार झेपावते, एक तलंग घाबरून फडफडत पळते आणि त्याच क्षणी साखळी तुटते. तीन उड्यांत खेळ संपतो. पुष्कळदा कुत्रा मेलेली कोंबडी खातही नाही, नुसता हुंगून उभा राहतो. मालक काठी घेऊन येतो. ‘चटावलं कुत्रं,’ असा निकाल लागतो, आणि एकदा हा शिक्का बसला की ते जनावर दारात राहीलच याची खात्री नसते.

पहिल्या कुत्र्याला पुण्य आणि दुसऱ्याला पाप, असं म्हणायचं का? प्रश्न साधा दिसतो, पण तो सरळ धर्मचिंतनाच्या गाभ्यात शिरतो.

पतंजलींच्या योगसूत्रांत, दुसऱ्या पादात, अहिंसेबद्दल एक मोठं विधान आहे. ज्याच्या ठायी अहिंसा पक्की रुजली, त्याच्या सान्निध्यात इतर जीवही वैर सोडतात. टीकाकार वाचस्पती मिश्रांनी त्याला उदाहरणं दिली ती घोडा आणि रेडा, उंदीर आणि मांजर, साप आणि मुंगूस यांची. जन्मजात वैराच्या अशा जोड्यांसाठी पाणिनीने व्याकरणात समासाचा वेगळा नियमच केला आहे. वाचस्पतींच्या त्या उदाहरणांत कुत्रा आणि कोंबडी नाहीत, आणि ते योग्यच आहे. कुत्र्याच्या मनात कोंबडीबद्दल वैर नसतंच. वैराला राग लागतो, आठवण लागते. जतच्या त्या कुत्र्याला सकाळभर कोंबडी दिसत होती आणि तिच्याशी त्याचं काही भांडण नव्हतं. त्याला ओढून नेलं ते पळणाऱ्या वस्तूने, फडफडाटाने. वैरच नसेल तर सोडायचं काय?

गीतेचा तिसरा अध्याय इथे जास्त जवळचा वाटतो. ज्ञानी माणूसदेखील आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग बळजबरीच्या निग्रहाने काय साधणार, असं भगवंत तिथे विचारतात. परंपरेने पशुयोनीला भोगयोनी म्हटलं, म्हणजे तिथे भोग आहे पण नव्या पापपुण्याचं खातं नाही. हे मानलं तर जतचा कुत्रा निर्दोष सुटतो. पण मग माणच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा संयमही त्याच्या नावावर जमा करता येत नाही, आणि ते मनाला पटत नाही. कोंबडी अंगावर आली तेव्हा त्याचा एक चावा पुरेसा होता. तो उठून बाजूला झाला.

सांगली जिल्ह्यात, विशेषतः कृष्णा-वारणाकाठच्या गावांत, शेती करणारा मोठा जैन समाज आहे. त्यांच्या पुराणकथा या प्रश्नाला वेगळं उत्तर देतात. महावीर एका पूर्वजन्मी सिंह होते. दोन मुनींचा उपदेश ऐकून त्या सिंहाने मांस सोडलं आणि उपाशी राहून देह ठेवला. जीवंधरकुमाराच्या कथेत मरणाऱ्या कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र पडतो आणि तो यक्ष होऊन जन्म घेतो. जैन मतानुसार पाच इंद्रियांचा, मन असलेला पशू व्रतही घेऊ शकतो. म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याच्या त्या चार पावलांत निवड असू शकते. ही शक्यता मोकळी ठेवणं हा त्या विचाराचा मोठेपणा आहे.

तरीही एक गोष्ट या सगळ्या चर्चेत मागे राहते. कुत्र्याची प्रकृती ही नदीसारखी किंवा वाऱ्यासारखी आपोआप झालेली नाही. ती माणसाने घडवली आहे.

लांडगा शिकार करतो तेव्हा एकामागून एक पायऱ्या येतात. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकाने दाखवलं की कुत्र्यांच्या निरनिराळ्या जातींत माणसाने यातली एखादी पायरी वाढवली, एखादी खुंटवली. मेंढरं वळवणाऱ्या कोली कुत्र्यात रोखलेली नजर आणि पाठलाग उरला, चावा दबला. उंदीर-घुशी मारायला वाढवलेल्या टेरियरमध्ये चावाच तीक्ष्ण झाला. मुधोळ आणि कारवानी हे नजरेने शिकार धरणारे कुत्रे. सशामागे सुटणारा वेगवान पाय माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवला. वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद झाली, पण पायांतला वेग कायद्याने जात नाही. त्या वेगापुढे आज ससा नाही, परसातली तलंग आहे.

राखणीच्या कुत्र्यांत मात्र पाठलागाची ओढच मंद ठेवलेली असते, आणि बाकीचं काम बालपण करतं. स्कॉट आणि फुलर यांचं १९६५ चं संशोधन सांगतं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना ते आपलं मानतं. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूलजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे चालत जायचे, आणि २००५ पर्यंत तिथले पेंग्विन दहाच्याही खाली आले. कोंबड्या राखायला मारेमा जातीचे कुत्रे वापरणाऱ्या एका शेतकऱ्याने सुचवलं की हेच कुत्रे बेटावर ठेवा. २००६ पासून ते ठेवले आणि पेंग्विन पुन्हा शंभरावर गेले. कोंबडी राखणाऱ्याला पेंग्विन राखणं जड गेलं नाही.

म्हणून पापाचा हिशेब मांडायचाच तर तो माणसाकडे वळतो, आणि तिथे तो अवघड होतो. दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे चार वेद मानले जातात. कऱ्हाड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाला यळकोट घालणारा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. कोंबडीला असा मान नाही. तिची राखण नवसासाठी, पाहुण्यासाठी, बाजाराच्या दिवसासाठी होते. कुत्र्याने मारली की अपराध आणि घरच्यांनी कापली की कालवण. यात खोटेपणा आहे असं घाईने म्हणू नये. गावरान कोंबडी ही वस्तीवरच्या बाईच्या हातातली रोकड असते, अंडी विकून वह्या येतात, औषध येतं. तिचं नुकसान खरं असतं. पण काठी उगारताना ‘याने पाप केलं’ हे म्हणणं मात्र टिकत नाही. कुत्र्याने माणसाच्याच पूर्वजांनी शिकवलेलं काम चुकीच्या जागी केलं, एवढंच.

पसायदानात ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा गळावा असं मागितलं आणि जीवांमध्ये परस्पर मैत्री मागितली. वाकडेपणा गळायला वेळ द्यावा लागतो, जवळ बसावं लागतं. कारवानी कुत्राही लहानपणापासून कोंबड्यांत वाढला, रोज थोडा वेळ दोरीने धरून शांत बसवला, पिलामागे धावताच वेळीच थांबवला, तर पुष्कळ निवळतो. तरी त्याला एकट्याला कोंबड्यांत सोडू नये. खुराड्याची कडी नीट लावणं हेही अहिंसेचंच काम आहे, आणि ते कुत्र्याच्या हातचं नाही.

दिवाळीनंतर माण-खटाव, आटपाडीकडचे मेंढके वाडे हलवतात. घोड्यावर बिऱ्हाड चढतं. वाकळा, भांडी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या. चालू न शकणारं कोकरू त्यांच्या शेजारी ठेवतात, आणि डोळे उघडून थोडेच दिवस झालेलं कुत्र्याचं पिल्लूही. घोडा चालू लागला की सगळी एका लयीत हलतात. ऊन चढतं तसं पिल्लू डोकं टेकायला जागा शोधतं आणि कोंबडीच्या पंखाखाली तोंड खुपसून झोपी जातं.