अपुल्लोसाचे गुरु

(वाचनाकरितां : प्रेषितांचीं कृत्यें १८ : २४-२८)



इफिस शहरीं एक विद्वान् उपदेशक आला. त्याचें नांव अपुल्लोस. तो जातीनें यहूदी, जन्मानें आलेक्सांद्रियाचा. आणि त्या शहराची विद्येविषयीं चहूंकडे ख्याति होती. तो वक्ता होता, शास्त्रांत निपुण होता, आणि प्रभूविषयीं त्याच्या अंतःकरणांत आवेशही होता. एवढे गुण एका मनुष्याच्या ठायीं क्वचितच सांपडतात. सभास्थानांत तो निर्भयपणें बोलूं लागला, आणि जें बोलला तें खरें होतें. उणें एवढेंच कीं, योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचें त्याला कांहीं ठाऊक नव्हतें.

श्रोत्यांत अक्विला व प्रिस्किल्ला हीं नवराबायको होतीं. क्लौद्य बादशहानें यहूद्यांना रोमांतून घालवून दिलें, तेव्हां तीं करिंथास आलीं व पुढें तेथून इफिसास. धंदा तंबू करण्याचा. पौलही तोच धंदा जाणत असल्यामुळें करिंथांत त्यांच्या घरीं राहून काम करी. उपदेशांतली उणीव त्यांच्या ध्यानांत आली. पण त्यांनीं सभेंत उठून त्याला अडविलें नाहीं, कीं शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्याचें हसें केलें नाहीं. (आमच्या मंडळ्यांत हें दुसरें फार होतें. उपासनेहून परततांना वाटेवरच उपदेशाची चिरफाड होते, आणि उपदेशकाच्या कानावर मात्र त्यांतलें अक्षरही जात नाहीं.) त्यांनीं त्याला आपल्या घरीं नेलें व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

आतां अपुल्लोसाकडे पाहा. मी शास्त्री, तुम्ही टांके घालणारीं माणसें, तुम्हीं मला काय शिकवावें, असें त्याला सहज म्हणतां आलें असतें. शिवाय शिकविणारांत एक स्त्री होती, आणि जुन्या हस्तलिखितांत तर तिचेंच नांव आधीं येतें. तरी त्यानें ऐकून घेतलें. त्या घरीं तो काय बोलला तें लिहिलेलें नाहीं. पुढें काय झालें तें लिहिलें आहे : बंधुजनांनीं त्याला पत्र देऊन अखयास पाठविलें, आणि तेथील विश्वासणाऱ्यांना त्याचें फार साह्य झालें. त्यानें ऐकलें नसतें तर काय झालें असतें? तो अखयास गेला असताच, आणि अर्धीच सुवार्ता घेऊन गेला असता. ज्याची वाणी थोर, त्याची चूकही दूरवर पोहोंचते.

हें आम्हां उपदेशकांना फार जवळचें आहे. एखादी निरक्षर विधवा म्हणते, "मास्तर, काल तुम्हीं सांगितलेलं मला कांहीं उमजलं नाहीं." त्यावर मास्तर हंसून म्हणतात, "बाई, तुला वाचतां येतं कुठं?" झालें! ती पुन्हां कधीं तोंड उघडीत नाहीं. तिचें पाहून दुसरींही गप्प होतात. मग कोणा घरीं सावकाराचा तगादा लागला, कोणाची सून रुसून माहेरीं गेली, कोणाचा मुलगा दारूच्या गुत्त्यावर बसूं लागला, हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें, आणि कळपाच्या राखणदाराला तेवढें ठाऊक नसतें.

मोशेसारख्या पुरुषालाही हें टळलें नाहीं. देवाशीं बोलणारा तो. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्यानें, मिद्यानी याजक इथ्रोनें, हें बरें नाहीं म्हणून त्याला स्पष्ट सांगितलें (निर्गम १८). इथ्रो तर इस्राएलाबाहेरचा. मोशेनें त्याचें ऐकलें व हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंचें उदाहरण आहे. १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांच्या संस्कृत विद्येचा गौरव करून त्यांना 'पंडिता' म्हटलें. पुढें केडगांवीं शेकडों अनाथ मुलींचा भार वाहत असतां, गरीब बायांना कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्र करावें म्हणून त्या उतारवयांत इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या. पंडिता म्हणून गौरविलेली ती बाई पुन्हां नवीं अक्षरें गिरवूं लागली.

ऐकणें म्हणजे ज्यानें त्यानें सांगितलें तें करणें, असा मात्र कोणी अर्थ करूं नये. करिंथकरांस लिहितांना पौल कळवितो कीं, तुम्हांकडे यावें म्हणून मीं अपुल्लोसाला फार विनविलें, पण आतांच येण्याची त्याची इच्छा नव्हती. सवड होईल तेव्हां तो येईल (१ करिंथ १६ : १२). तंबू करणारांचें त्यानें मानलें, आणि प्रेषिताला नाहीं म्हटलें! करिंथांत त्याच्या नांवानें एक तट पडला होता. त्यामुळेंच तो गेला नसावा, असें आम्हांस वाटतें. पौलानेंही राग धरला नाहीं.

तें पत्र पौलानें इफिसाहून लिहिलें. त्याच अध्यायांत, सात ओव्या खालीं, अक्विला व प्रिस्किल्ला यांचा आणि त्यांच्या घरीं जमणाऱ्या मंडळीचा सलाम आहे.