जुनें गाणें आणि नवें गाणें

"आमच्या वेळचें गाणें आतां उरलें नाहीं," असा उद्गार प्रत्येक पिढीनें काढला आहे. मराठी रंगभूमीपुरतें पाहिलें, तरी १८८० च्या 'शाकुंतला'नें साकी-दिंडीसारख्या परिचित चालींवर श्रोते जिंकले. १९११ च्या 'मानापमान' नाटकांत गोविंदराव टेंबे यांनीं ठुमरी-दादऱ्याचा साज आणला. १९३३ च्या 'आंधळ्यांच्या शाळे'नें सुटसुटीत भावगीत पुढें केलें. आज जुनें म्हणून ज्याचा गौरव होतो, तें सारें एके काळीं नवेंच होतें.

मग वडिलांचा आक्षेप निव्वळ पोकळ समजावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. परंतु त्यांत दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. तारुण्यांत ऐकलेल्या सुराला त्या वयाच्या आठवणी चिकटतात. ही ममता रास्त आहे. पण ममता म्हणजे गुणाचा पुरावा नव्हे. शिवाय काळाच्या चाळणींतून जुन्यांतलें निवडक तेवढेंच आपल्यापर्यंत येतें, आणि त्याची तुलना आपण आजच्या न निवडलेल्या राशीशीं करतों. हा न्याय नव्हे.

उलट, "ज्याची त्याची आवड" म्हणून तरुणांनीं वाद मिटविणें हीही पळवाटच. 'मला आवडतें' याला कारण लागत नाहीं. 'हें चांगलें आहे' याला लागतें. शब्द, सूर व लय यांचा मेळ कोठें साधला, हें दोन्ही पक्षांनीं दाखवावें. आणि दाखविण्याआधीं दुसऱ्याचें गाणें लक्ष देऊन ऐकावें. न ऐकतां नाक मुरडणारा बाप मुलाचें गाणें थांबवूं शकत नाहीं. आपलें गाणें त्याच्या कानापर्यंत पोंचण्याची वाट मात्र तो स्वतःच बुजवितो.