बोलीचं ओझं

१६ लाख ७२ हजार रुपये. २०२५ च्या आयपीएलमध्ये व्यंकटेश अय्यरची एकेक धाव कोलकाता नाइट रायडर्सला एवढ्याला पडली. २३.७५ कोटी भागिले १४२. हा भागाकार मीही केला, चहा पिता पिता, मोबाइलवर. उत्तर पाहून हसलोसुद्धा. त्या हसण्याची नंतर लाज वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

इंदूरचा हा डावखुरा पोरगा २०२१ मध्ये कोलकात्याला आला तो २० लाखांत. त्याच हंगामात दहा सामन्यांत ३७० धावा. २०२३ मध्ये वानखेडेवर शतक. मॅक्युलमनं २००८ ची सलामीची लढत शतकानं गाजवल्यानंतर कोलकात्याकडून कुणी शतक करायला पंधरा वर्षं जावी लागली होती. २०२४ ची अंतिम लढत जिंकली तेव्हा २६ चेंडूंत नाबाद ५२. एवढं करूनही संघानं त्याला राखलं नाही, लिलावात सोडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दात परत मिळवायची वेळ आली, तेव्हा गाठीशी ५१ कोटी होते आणि समोर बेंगळुरू हटायला तयार नव्हतं. दोघांच्या ईर्षेत जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर रिकामी झाली. हात वर करणारे दुसरेच होते. आकडा मात्र चिकटला व्यंकटेशला.

मग इडन गार्डन्स. ३ एप्रिलला हैदराबादविरुद्ध २९ चेंडूंत ६०, पाच दिवसांनी लखनौविरुद्ध ४५. बाकीच्या पाच डावांत मिळून ३७. साठ धावा केल्या त्या रात्रीही त्याला विचारलं गेलं ते किमतीबद्दलच. संघातला सर्वांत महागडा आहे म्हणून प्रत्येक सामन्यात धावा केल्याच पाहिजेत असं नाही, अशा अर्थाचं तो बोलला. बरोबरच होतं. पण पटवून घ्यायला आपण बसलो होतो कुठे?

कोलकात्यानं हे आदल्याच वर्षी पाहिलं होतं. २४.७५ कोटींच्या मिचेल स्टार्कनं पहिल्या दोन सामन्यांत ८ षटकांत १०० धावा दिल्या, बळी शून्य. पैसे बुडाले, असा निकाल लागून गेला. अंतिम सामन्यात सामनावीर तोच.

‘२३ कोटी मिळवणाऱ्याची कसली कीव?’ असं कुणी म्हणेल. कीव नकोच. प्रश्न आपल्या भाषेचा आहे. माणूस ‘विकला गेला’, ‘विकलाच गेला नाही’, असं आपण बिनदिक्कत बोलतो. जेद्दातच आपला डोंबिवलीकर अजिंक्य रहाणे आधी ‘विकला गेला नाही’. ॲडलेडला ३६ धावांत कोसळलेल्या संघाला मेलबर्नमध्ये शतकानं उभं करणारा, मालिका जिंकून आणणारा हा कर्णधार. नंतरच्या फेरीत दीड कोटी या मूळ किमतीत कोलकात्यानं त्याला घेतलं आणि पुढे कर्णधारच केलं. २०२५ मध्ये संघाकडून सर्वाधिक, ३९० धावा त्याच्याच. ‘बघा, आमचा अजिंक्य किती स्वस्तात पडला!’ असं मी घरात म्हणालो आणि जीभ चावली. भागाकार तोच, फक्त उत्तर माझ्या सोयीचं. संघ शेवटी आठवा आला, हे सांगायचं मी सोईस्कर विसरलो.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये लिलावाऐवजी ‘ड्राफ्ट’ असतो. संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. २०१३ मध्ये सर्वांत आधी निवडला गेला अँथनी बेनेट, वय वीस, खांद्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. पहिल्या हंगामात त्याची सरासरी ४.२ गुण. चार हंगामांत चार संघ, आणि एनबीएतला खेळ संपला. त्या वर्षी पंधराव्या क्रमांकावर निवडलेला यानिस अँटेटोकुंपो पुढे दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चूक हेरणाऱ्यांची होती. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते बेनेटचं नाव, निवडणाऱ्यांची नावं कुणाला आठवतात?

आपल्याकडे बोर्डात आलेल्या मुलांचं असंच व्हायचं. पेढा भरवतानाचा फोटो पेपरात छापून यायचा. पुढे पन्नाशीत तो माणूस साध्या नोकरीत समाधानानं जगत असला, तरी लग्नकार्यात कुणीतरी कुजबुजायचंच, ‘हा बोर्डात आला होता म्हणे.’ आता बोर्डाची जागा पॅकेजनं घेतली आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये अबूधाबीच्या लिलावात बेंगळुरूनं व्यंकटेशला ७ कोटींत घेतलं. त्याच दिवशी कोलकात्यानं ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून ग्रीनवर २५.२० कोटी लावले. परदेशी खेळाडूंसाठीच्या नियमानं त्यातले त्याला मिळणार १८ कोटी; वरचे ७.२० कोटी खेळाडूंच्या कल्याणासाठी क्रिकेट मंडळाकडे जाणार. भागाकार मात्र २५.२० कोटींचाच होईल.